दहा वर्षांच्या मुलाचा लिपिड प्रोफाइल : माझा अनुभव

माझ्या धाकट्या दिरांना वयाच्या ४७ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टीनंतर ते सावरले, पण घरी सोडताना त्यांच्या डॉक्टरांनी आम्हा सर्वांना एक सूचना केली. जवळच्या नात्यात पुरुषाला ५५ वर्षांच्या आत किंवा स्त्रीला ६५ वर्षांच्या आत असा आजार झाला असेल, तर घरातील मुलांचेही कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, असे ते म्हणाले. या हिशेबात आईवडील आणि आजीआजोबांप्रमाणे काका, मामा, आत्या आणि मावशीही धरतात. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. अंगाने किडकिडीत असल्यामुळे त्याचे रक्त तपासावे ही कल्पना कोल्हापुरातल्या आमच्या एकत्र कुटुंबात कोणालाही फारशी पटली नाही. आजही पुष्कळांना वाटते की कोलेस्टेरॉल हा लठ्ठ माणसांचा प्रश्न आहे.

लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील चरबीची तपासणी, बारा तास उपाशीपोटी करायची असल्याने रात्रीचे जेवण लवकर उरकून सकाळी लॅब उघडताच आम्ही पोहोचलो. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल १८६, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा आणखी एक प्रकार) १४२ आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १२० असे आकडे होते, सर्व मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. एचडीएलसमोर ‘कमी’ अशी खूण होती, बाकी सर्व छापील मर्यादेत होते. तेवढे वाचून रिपोर्ट फाइलला लावणे सहज शक्य होते.

आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मात्र छापील मर्यादेच्या रकान्यावर पेनाने आडवी रेघ मारली. त्या मर्यादा मोठ्या माणसांच्या होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुफ्फुस व रक्त संस्थेने २०११ मध्ये मुलांसाठी ज्या मर्यादा प्रसिद्ध केल्या, त्यांत एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या आत समाधानकारक, १७० ते १९९ काठावरचे आणि २०० पासून पुढे जास्त मानले आहे. एलडीएल ११० च्या आत हवे आणि १३० पासून ते जास्त ठरते. एचडीएल ४५ च्या वर हवे. ट्रायग्लिसराइडची मर्यादा वयानुसार बदलते : नऊ वर्षांपर्यंत १०० आणि दहाव्या वर्षापासून १३० हे आकडे ‘जास्त’ या सदरात येतात, तर मोठ्यांना १५० पर्यंत मोकळीक असते. या मोजपट्टीवर मुलाचे ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि उरलेले दोन्ही आकडे काठावर निघाले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केल्यावर उरणारा आकडा, म्हणजे आमच्या बाबतीत १४८, मुलांमध्ये विशेष उपयोगी असतो, कारण त्यासाठी उपाशी राहावे लागत नाही. त्याची वरची मर्यादा १४५ आहे. मुलाचे वय रिपोर्टच्या माथ्यावर ठळक छापणाऱ्या लॅबला त्याच वयाच्या मर्यादा खाली छापणे अवघड का वाटावे, हे मला अद्याप समजलेले नाही.

एका तपासणीवरून निष्कर्ष काढायचा नसतो. नुकताच ताप येऊन गेला असेल तरी हे आकडे हलतात. म्हणून दुसरी तपासणी किमान दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांच्या आत करून दोन्हींची सरासरी पाहतात. आमची सरासरी पहिल्या आकड्यांच्या जवळपास आली. तोपर्यंत थायरॉइड, रक्तातील साखर आणि लघवीतील प्रथिने यांच्याही तपासण्या झाल्या, कारण थायरॉइड मंद असले किंवा मूत्रपिंडाचा विकार असला तरी कोलेस्टेरॉल वाढू शकते. आनुवंशिक कोलेस्टेरॉलविकाराची भीती मला सर्वांत जास्त होती. साधारण अडीचशे लोकांमागे एकाला तो असतो, त्यात मुलाचे एलडीएल बहुधा १६० किंवा १९० च्याही पुढे जाते, आणि आठ ते दहा वर्षांच्या वयापासून स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांचा विचार करावा लागतो. आमच्या मुलाचे चित्र तसे नव्हते. त्याच सुमारास माझ्या यजमानांनीही रक्त तपासून घेतले, तेव्हा त्यांचे ट्रायग्लिसराइड मुलाहून कितीतरी जास्त निघाले.

बाईंनी सांगितले की कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड ही जोडी आपल्याकडे नेहमी दिसते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या सुमारे ३४ टक्के मुलांमध्ये ट्रायग्लिसराइड जास्त आढळले होते. या जोडीमागे तूप आणि अंड्यापेक्षा साखर, मैदा आणि बैठी दिनचर्या यांचा हात मोठा असतो, हे मला तेव्हा कळले. तोवर मी अंड्यातला पिवळा बलक काढून टाकायला सुरुवात केली होती, तर संध्याकाळी शिकवणीहून येताना मुलगा खारी, क्रीमची बिस्किटे आणि डब्यातला ‘फळांचा’ रस घेत होता. रंगीत शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे सात चहाचे चमचे साखर असते. बिस्किटाच्या पुड्यावर घटकांच्या यादीत पामतेल सर्रास सापडते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात किंवा शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. मात्र शिकवणीच्या वर्गाखालच्या बेकरीला हा नियम लागू नाही.

खरा वाद दुधावरून झाला. सासरे तरुणपणी तालमीत जाणारे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे धारोष्ण दूध पिऊन वाढलेले.

“आमच्या तालमीत कुणी कोलेस्टेरॉल मोजत नव्हतं,” ते म्हणाले.

“आबा, तुमच्या तालमीत पोरं दोन-दोन तास जोर-बैठका मारायची. हा दिवसभर बाकावर बसतो, आणि घरी आला की मोबाइलवर,” मी म्हणाले.

यावर ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून दूध तापवून, थंड करून, वरची साय काढून देण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. दूध सुरूच राहिले. त्यातली साखर आणि चॉकलेटी पावडर गेली. संध्याकाळी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, पेरू किंवा उसळ असे काहीतरी घरीच तयार ठेवू लागलो. ज्वारीची भाकरी आणि जवसाची चटणी सर्वांच्या ताटात आली, कारण एकट्या मुलाच्या ताटात वेगळे वाढले तर त्याला ती शिक्षा वाटेल, असे बाईंनी बजावले होते. रविवारची मिसळ मात्र तशीच ठेवली. ती बंद केली असती तर घरात कोणीच काही ऐकले नसते.

व्यायामाची बाजू शाळेच्या शारीरिक क्षमता चाचणीतून समोर आली. खेलो इंडियाच्या या चाचणीत नऊ वर्षांवरील मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) काढतात, ५० मीटर वेगाने पळवतात, ६०० मीटर पळायला किंवा चालायला लावतात आणि पोटाची ताकद, दंडांची ताकद व लवचिकता पाहतात. मुलाचा बीएमआय उत्तम होता. ६०० मीटरला मात्र मध्ये दोनदा चालत त्याने चार मिनिटांहून जास्त वेळ घेतला आणि नंतर तो मैदानाच्या कडेला बसून राहिला. वजनाच्या तक्त्यात न दिसलेली गोष्ट त्या धावण्यात दिसली. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार व्यायाम सुचवते. शाळेतले आठवड्याचे दोन तास त्याला पुरत नाहीत. पेठेत फुटबॉलचे वेड असल्याने मैदान शोधावे लागले नाही, परंतु दमसास कमी असलेल्या मुलाला संघात कोणी घेत नाही. म्हणून प्रथम काही आठवडे यजमान त्याला पहाटे रंकाळा तलावावर घेऊन गेले. थोडे पळणे, थोडे चालणे, पुन्हा पळणे. त्यासाठी लवकर झोपणे भाग पडले, आणि रात्रीचा मोबाइल त्यामुळे आपोआप सुटला. निव्वळ सांगून तो सुटला नव्हता. पुढे तो संध्याकाळी फुटबॉलला जाऊ लागला, सुरुवातीला गोलकीपर म्हणून, कारण तिथे पळावे कमी लागते.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा ट्रायग्लिसराइड १०१, एचडीएल ४२, एकूण कोलेस्टेरॉल १७१ आणि एलडीएल १०९ आले. ट्रायग्लिसराइड सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त उतरते, एचडीएल हळूहळू चढते, असे बाईंनी आधीच सांगितले होते. ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि एकूण कोलेस्टेरॉल अजूनही काठावरच आहेत. ६०० मीटर तो आता न थांबता पूर्ण करतो. यजमानांचे आकडेही उतरले आहेत, मात्र त्यांना औषध चालू आहे.

पुढच्या तपासण्यांबद्दल बाईंनी एक इशारा दिला आहे. वयात येण्याच्या काळात एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल दहा ते वीस टक्क्यांनी आपोआप खाली येतात, म्हणून बारा ते सोळा या वयातला चांगला रिपोर्ट फारसा भरवशाचा धरायचा नाही. खरी तुलना सतरा वर्षांनंतरच्या आकड्यांशी करायची. धाकटी मुलगी पुढच्या वर्षी नऊ वर्षांची होईल, तेव्हा तिचीही तपासणी ठरली आहे.