बेल हाऊसिंगखालचा थेंब

गाडी माझ्याकडे आली ती निदान ठरवूनच. पंचवीस वर्षांहून जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, इंजिन बॉनेटखाली आडवं बसवलेलं. आधीच्या गॅरेजात मालकांना सांगितलं होतं की क्रँकचं मागचं ऑईल सील (क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला तेल अडवणारी रिंग) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. त्यांनी नवं सील विकत घेऊन सोबतच आणलं होतं. "एवढं बसवून द्या, रोज पार्किंगमध्ये डाग पडतो," म्हणाले.

गाडी लिफ्टवर चढवली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर, बेल हाऊसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) अगदी खालच्या टोकाला थेंब लोंबत होता. तिथे थेंब दिसला की पहिला संशय मागच्या सीलवरच जातो, आणि तो चुकीचा असतोच असं नाही. बोटावर घेऊन बघितलं. गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो नव्हता. इंजिन ऑईलच होतं. पण या जोडावर पोचलेलं तेल कुठूनही आलेलं असू शकतं. तेल खाली ओघळतं, पंख्याच्या आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं, आणि सगळ्यात खालच्या कडेला जमून ठिबकतं. म्हणून थेंब कुठे पडतो यापेक्षा सगळ्यात वरची ओली जागा कुठली, हे मी आधी शोधतो.

मागचं सील खरंच गेलं असेल तर तेल आधी बेल हाऊसिंगच्या आत जाणार. खालची छोटी तपासणी प्लेट काढली आणि आत टॉर्च मारला. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, कोरडं. तळाशी क्लचची काळी भुकटी, तीही कोरडी, बोटाने उडणारी. सील गळत असतं तर त्या भुकटीचा चिखल झाला असता. गिअरबॉक्स उतरवायचा विचार मी तिथेच बाजूला ठेवला. मालकांना बोलावून ती भुकटी दाखवली, कारण आणलेलं सील न बसवता मी दुसरंच काहीतरी का करणार आहे, हे त्यांनी डोळ्यांनी बघावं असं मला वाटत होतं.

इंजिनावर मात्र वर्षानुवर्षांचा चिकटा होता. अगदी वरच्या टॅपेट कव्हरपासून तळाच्या चेंबरपर्यंत (जिथे तेल साठतं) तेल आणि धूळ मिळून जाड थर बसलेला. अशा इंजिनावर गळती शोधायला जाणं म्हणजे नुसता अंदाज. डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटून देणारा भाग), कॉइल आणि अल्टरनेटरला प्लॅस्टिक गुंडाळलं, थंड इंजिनावर डिग्रीझर मारला, ब्रशने घासून धुतलं, हवेने सुकवलं. गळतीच्या कामात सगळ्यात जास्त वेळ या धुण्यात जातो, आणि घाईत तेच टाळलं जातं. मग तेलात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) ओतला, डिपस्टिकवर पातळी बघितली (जास्त भरलेलं तेलही गळतीचं कारण असू शकतं; इथे पातळी उलट खालच्या खुणेच्या जवळ होती) आणि इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी फिरवून आणली.

शटर ओढून अंधार केला, पिवळा चष्मा लावला, यूव्ही टॉर्च पेटवला. चेंबरचा जोड स्वच्छ. ऑईल फिल्टर स्वच्छ. ऑईल प्रेशरचा स्विच, जो जुन्या गाड्यांत हमखास गळतो, तोही कोरडा. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगच्या कडेला थोडी पोपटी झाक होती, पण ओघळ नव्हता. खरा ओघळ हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, गिअरबॉक्सकडच्या टोकाला सापडला. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर तिथेच, कॅमशाफ्टच्या टोकावर बसतो. त्याच्या गळ्याखालून चमकणारी बारीक रेघ हेडवरून उतरत ब्लॉकवर, तिथून जोडाच्या खाचेत, आणि खाचेतून बरोबर त्या थेंबाच्या जागी पोचत होती. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाला एक रबरी ओ-रिंग असते, बांगडीपेक्षा लहान. बाहेरून ती दिसतच नाही.

ओ-रिंग बदलून गाडी देऊन टाकता आली असती. पण टॅपेट कव्हरच्या कडेची झाक डोक्यातून जाईना. दोन वेगळ्या जागांहून तेल बाहेर येऊ बघत असेल, तर त्याला आतून कोण ढकलतंय, हेही बघायला हवं.

इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर कागद धरला. इंजिनाचा श्वास नीट चालत असेल तर अशा गाडीत कागद हलकेच आत ओढला जातो. हा कागद वर फडफडत होता. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडे वायू खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या पोकळीत) उतरतातच, चांगल्या इंजिनातही. ते ओढून पुन्हा इनटेकमध्ये पाठवायचं काम पीसीव्ही व्हॉल्व्ह करतो. तो चोंदला की आत दाब साठतो. कुकरची शिट्टी चोंदली की वाफ झाकणाच्या कडेने वाट शोधते, तसंच तेल इथे प्रत्येक म्हाताऱ्या रबरातून वाट शोधत होतं. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला व्हॉल्व्ह खुळखुळतो. हा मुका होता, आत काळा राळेसारखा गाळ. त्याची नळीही कडक होऊन टोकाला चिरलेली. रिंगाच झिजल्या असतील तर नवा व्हॉल्व्ह पुरा पडणार नाही, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, बघितलं. चारही सिलिंडर 170 ते 180 पीएसआयच्या दरम्यान. इंजिन तब्येतीने उत्तम होतं.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या बॉडीवर आणि हेडवर समोरासमोर खूण केली, नाहीतर परत बसवताना टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलतं. बाहेर आल्यावर ओ-रिंग पिनने उचलायला गेलो तर वाकलीच नाही, कटकन तुटली. गोल राहिलेली नव्हती, दोन्ही बाजूंनी चपटी, प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी. खाच पुसून नवी रिंग इंजिन ऑईल लावून बसवली, कारण कोरडी रिंग आत सरकताना सोलली जाते. खुणा जुळवल्या, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि नळी नवी टाकली, आणि इंजिन चालू करून टायमिंग लाइटने टायमिंग तपासून घेतलं. पुन्हा झाकण काढून कागद धरला. या वेळी तो तोंडावर चिकटून बसला.

मालक म्हणाले, आता टॅपेट कव्हरचं पॅकिंगही बदलूनच टाका. मी थांबा म्हटलं. पाझर होता तो दाबामुळे असेल तर थांबेल, आणि चांगल्या बसलेल्या कव्हरला हात लावायची गरज राहणार नाही. कव्हरचे बोल्ट जास्त आवळून गळती थांबवायचा प्रयत्न खूप जण करतात. त्याने पॅकिंग चेपून बाहेर येतं, पत्र्याचं कव्हर वाकतं, आणि मग नवं पॅकिंगही टिकत नाही. ती कड पुसून कोरडी केली आणि दर आठवड्याला डिपस्टिक बघत राहा असं सांगून गाडी दिली.

काही दिवसांनी ते गाडी दाखवायला घेऊन आले. यूव्ही टॉर्च फिरवला. डिस्ट्रिब्युटरखाली काही नाही, बेल हाऊसिंग कोरडं, टॅपेट कव्हरची कडही कोरडी, आणि डिपस्टिकवरची पातळी जिथे सोडली होती तिथेच. पॅकिंग तसंच राहू दिलं.