गोरेमेत दोन दिवस लाल झेंडा

पहाटे पावणेपाचला हॉटेलच्या दारात व्हॅनची वाट बघत उभ्या होतो आणि फोनवर निरोप आला : लाल झेंडा, आज बलूनचं उड्डाण नाही. तुर्कस्तानातला कापाडोकिया, गोरेमे गाव, ऑक्टोबरचा शेवट. आमची दुसरी पहाट आणि दुसरा नकार. काउंटरवरचा मुलगा हात पसरून म्हणाला, "इप्ताल." म्हणजे रद्द.

मला राग आला, कारण अंगणात वाराच नव्हता. दारातल्या द्राक्षवेलीचं पान हलत नव्हतं, आभाळ चांदण्यांनी भरलेलं. आई शाल सावरत म्हणाली, "अगं, वारा नाही, पाऊस नाही, मग अडलंय कुठे?"

त्याचं उत्तर सकाळी आठच्या सुमारास शेजारच्या उचहिसार गावात मिळालं. तिथला किल्ला म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकाचा प्रचंड सुळका, आतून पोळ्यासारखा कोरलेला. टोकावर तुर्कस्तानचा झेंडा. वर पोहोचलो तर झेंडा ताठ आडवा झालेला, त्याची दोरी खांबावर खडखड आपटत होती, आणि आईची शाल मला दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागली. खाली मात्र एका घराच्या धुराड्यातून धूर सरळ काठीसारखा वर येत होता. काही उंचीवर आला की तो एकदम मोडायचा आणि आडवा पसरायचा. त्या मोडलेल्या धुराकडे मी बराच वेळ बघत राहिले. संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गच्चीवर झुळूकही नसते आणि पतंग वर चढला की मांजा बोट कापतो.

रात्री जमीन निवते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होऊन दरीत साचते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. भूगोलाच्या पुस्तकातली तापमानाची विपरीतता ती हीच. वरून कितीही जोराचा वारा वाहो, साचलेल्या हवेत उभ्या असलेल्याला त्याचा पत्ता लागत नाही. बलूनला मात्र त्या थरातून वर जायचं असतं आणि परत खालीही यायचं असतं.

तिसऱ्या पहाटे पिवळा झेंडा होता. म्हणजे थांबा. इथली पद्धत मला मनापासून आवडली. उडायचं की नाही हे कंपनी ठरवत नाही, वैमानिकही एकटा ठरवत नाही. नागरी विमान वाहतूक खातं हिरवा, पिवळा की लाल ते सांगतं, आणि लाल असेल तर सगळ्या दरीत एकही बलून उठत नाही. हे असंच हवं. पैसे भरून हजारो किलोमीटर लांबून आलेल्या वीस माणसांसमोर उभं राहून "आज नाही" म्हणणं एकट्या माणसाला फार जड जातं. अमेरिकेत टेक्सासमधल्या लॉकहार्टजवळ ३० जुलै २०१६ रोजी धुकं आणि ढग असताना एक बलून उडाला, उतरताना विजेच्या तारांवर गेला आणि १६ जण गेले. ती सकाळ "आज नाही" म्हणण्याची होती.

शेतात पोहोचलो तेव्हा अंधारच होता, थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. आमच्या वैमानिकाने दिवा बांधलेला एक लहानसा फुगा सोडला. सगळे मान वर करून बघत होतो. तो दिवा आधी उजवीकडे सरकला, थोडा थबकला आणि मग डावीकडे निघाला. "दोन वारे आहेत. खालचा डोंगरावरून उतरतोय, वरचा वेगळा. मला सुकाणू नाही. मी फक्त वर-खाली होऊन हवा तो वारा निवडतो," तो म्हणाला. शाळेत पाठ केलेले पर्वतीय वारे त्या पहाटे माझ्या गालाला लागत होते.

चहाचा पेला हातात धरून आईने त्याला विचारलं, "आणि उठतानाच वारा असला तर?" मी इंग्रजीत सांगितलं. त्याने आपल्या तळहाताचा घुमट करून वरून फुंकर मारली. जमिनीवर धरून ठेवलेल्या फुग्याच्या माथ्यावरून वारा वाहतो तेव्हा तो फुग्याला वर ओढतो. वैमानिकाला वाटतं आतली हवा पुरेशी तापली. दोर सुटतात, फुगा वाऱ्याबरोबर वाहू लागतो, ती ओढ नाहीशी होते आणि टोपली परत खाली यायला लागते, नेमकी समोर झाडं किंवा तारा असताना. म्हणून उठण्याआधी जास्तीची उष्णता भरून घ्यायची. हे सांगताना त्याचा तळहात हळूहळू खाली येत होता आणि आई त्या हातावरून नजर काढत नव्हती.

चाळीस मिनिटांनी हिरवा आला. पंखे घरघरले, कापड फुगलं, बर्नरची ज्योत उठली आणि डोक्यावर ऊब आली. वेताच्या टोपलीतून जमीन कधी सुटली ते कळलंच नाही. वर गेल्यावर वारा लागत नाही, कारण आपण वाऱ्याच्याच वेगाने चाललेलो असतो. समोर एर्जियेस पर्वताचं बर्फाळ टोक गुलाबी झालं, दरीत सुळक्यांच्या सावल्या लांबल्या, आसपास इतके बलून की मोजणं सोडून दिलं. आईने माझा हात धरला आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. त्या वेळेबद्दल मलाही याहून जास्त लिहिता येणार नाही.

उतरताना वैमानिकाने पहिलं शेत सोडलं. खालच्या वाहनातून रेडिओवर काहीतरी सांगितलं गेलं होतं आणि त्याने पलीकडे विजेच्या खांबांकडे एकदा बघितलं. फुग्यात काही टन हवा असते, ती अशी दोन पावलांत थांबत नाही. जमिनीवरचा वारा ताशी १८ किलोमीटरच्या आसपास गेला की बहुतेक वैमानिकांची हद्द संपते. उठण्याआधी आमच्याकडून घोटून घेतलेली बैठक त्याने पुन्हा करवून घेतली : प्रवासाच्या दिशेकडे पाठ, गुडघे वाकलेले, दोराचे फास घट्ट, फोन खिशात. एका तरुणाने फोन वरच धरला होता, त्याला तो मोठ्याने ओरडला. बरं केलं. टोपली एकदा आपटली, उचलली गेली, पुन्हा टेकली आणि ढेकळांवरून फरफटत गेली. चार-पाच माणसं धावत येऊन कडेला लोंबकळली. वरचा झडपेचा दोर त्याने खेचून धरला होता आणि फुगा मावळत होता. टोपली सरळच राहिली.

तुम्ही जाणार असाल तर उड्डाण मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी ठेवा आणि मागे दोन-तीन सकाळी मोकळ्या राहू द्या. हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत मिळतात का, हे भरण्याआधी विचारा. गुडघ्याचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर लपवू नका, ती शेवटची बैठक खरोखर करावी लागते.

परतताना व्हॅन एका कापलेल्या गव्हाच्या शेताजवळून गेली. ऊन तापायला लागलं होतं. शेताच्या मधोमध पुरुषभर उंचीची धुळीची वावटळ उठली, काडीकचरा घेऊन गरगरत बांधापर्यंत आली आणि विरली. ड्रायव्हरने बोट दाखवलं. आई घड्याळात बघत होती. आम्हाला उतरून पाऊण तासही झाला नव्हता.