पापलेटची पिल्लं चौकोनी आसातून सुटत नाहीत

ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, खोल्याला (मासा साठतो त्या टोकाच्या पिशवीला) 40 मिमीचा चौकोनी आस (जाळ्याचं भोक) लावला की पिल्लं वाचली, असं सर्रास धरलं जातं. बांगड्यासारख्या सडपातळ माशाच्या पिल्लांना तो खरंच उपयोगी आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा नेहमीचा आस ओढीच्या ताणाने मिटतो, चौकोनी उघडा राहतो. पण 40 मिमी हे ताणून मोजलेलं माप, चौकोनाची बाजू जेमतेम 20 मिमी. आता 135 मिमीचं, म्हणजे महाराष्ट्राने पकडण्यासाठी ठरवलेल्या किमान आकाराचं पापलेट हातात घ्या. पाठीपासून पोटापर्यंत ते सहा सेंटिमीटरच्या आसपास भरतं. जाणार कुठून? आणि इतक्या लहान मादीने एकदाही अंडी घातलेली नसतात.

2023 मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. त्याला वाचवायचं तर वेळ आणि जागा सांभाळावी लागेल. आपली बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची. अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढलीत, तारखा मात्र तिथेच आहेत. 2019 मध्ये ऐन हंगामात क्यार आणि पाठोपाठ महा आलं. असे दिवस बुडाले की उरलेल्या दिवसांत डिझेलचा खर्च काढायची घाई होते आणि पिल्लंही बर्फात जातात.

बंदी राहू द्यावी, पण तिला फिरत्या बंदीची जोड हवी, म्हणजे पिल्लं दिसतील ती जागा सोडायची. ऑगस्टपासून प्रत्येक ओढीतून न निवडता 50 पापलेटं काढावीत. फळीवर 135 मिमीला रेघ मारून मासा सपाट ठेवून मोजावा, अंगाच्या फुगवट्यावरून टेप फिरवू नये. पापलेटची शेपटी लांब असते, म्हणून माप खाचेपर्यंत की टोकापर्यंत हे अधिसूचनेप्रमाणे सगळ्या बोटींवर एकच असावं. 50 पैकी 10 हून जास्त लहान निघाली, तर तांडेलाने (बोट चालवणाऱ्या प्रमुखाने) पाच सागरी मैल तरी सरकावं आणि ती जागा वायरलेसवर इतरांना कळवावी. हे आकडे सुरुवातीपुरते. प्रत्येक मच्छीमार सोसायटीने आपल्या बंदराप्रमाणे बदलावेत.

निवडून परत टाकण्यात अर्थ नाही. खोल्यात दाबून पिल्लं वर येईपर्यंत मेलेली असतात.

डोळ जाळ्याला, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला, सरकता येत नाही, ते एका जागी बांधलेलं. तिथे पिल्लं लागू लागली की तेवढे उधाणाचे दिवस जाळं उचलून ठेवणं एवढाच उपाय, आणि त्या बुडालेल्या दिवसांची भरपाई मिळायलाच हवी. पालघरमधल्या सातपाटीच्या दालदी जाळ्याचा (मासा आसात अडकवणाऱ्या, पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्याचा) आस मोठा असतो, लहान पापलेट त्यातून निघून जातं. अनुदानाचा पहिला हक्क त्या जाळ्याचा.