क्रॉसहेडची पाचर आणि माझा अतिशहाणपणा

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होतो आणि टाळत होतो, कारण यात फजिती माझीच आहे. पण परवा एकाने विचारलं की वाफेच्या इंजिनात एवढे भाग सतत एकमेकांवर घासत असतात तर ती झीज भरून कशी काढतात, आणि मी उत्तर द्यायला लागलो तो अर्धा तास बोलतच राहिलो, मग म्हटलं लिहूनच टाकू.

तर सुट्टीच्या दिवशी आम्ही चार-पाच हौशी लोक मिळून एक जुनं आडवं स्टीम इंजिन चालवतो. एकच सिलिंडर, बोअर (आतला व्यास) 300 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका बाजूची धाव) 600 मिमी, मिनिटाला साधारण 70 फेरे, म्हणजे अगदी निवांत गाडी. आमच्यात एक जुने फिटर आहेत, त्यांना सगळे काकाच म्हणतात, हात काळे करायचं काम तेच शिकवतात आणि बोलतात फार कमी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिस्टनचा रॉड सरळ रेषेत पुढेमागे जातो आणि क्रँक गोल फिरतो, या दोघांच्या मधे जो सांधा असतो तो क्रॉसहेड. त्याला खाली आणि वर एकेक शू असतो, म्हणजे बूटच, आणि हे बूट गाईड बारवर, म्हणजे वरखाली बसवलेल्या सरळ पट्ट्यांवर, सरकतात. आता क्रॉसहेड आणि क्रँक यांना जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका असतो त्यामुळे पिस्टनचा जोर नुसता पुढे जात नाही, त्यातला काही भाग क्रॉसहेडला बाजूला दाबतो. आमचा कनेक्टिंग रॉड क्रँकच्या त्रिज्येच्या पाचपट लांब आहे, तेव्हा स्ट्रोकच्या मध्यावर हा बाजूचा दाब पिस्टनच्या जोराच्या साधारण एक पंचमांश येतो. चौरस सेंटिमीटरला 6 किलोचा दाब आणि 300 चा बोअर धरा, पिस्टनवर सव्वाचार टन, म्हणजे त्या बुटावर साडेआठशे किलोच्या आसपास! आणि घासण्याचं अंतर काढलं तर एका फेऱ्यात 1.2 मीटर, तासाला पाच किलोमीटर. साडेआठशे किलोचं ओझं घेऊन तासाला पाच किलोमीटर फरफटत जायचं, तेही स्ट्रोकमधे दर वेळी जोर वाढत कमी होत. झिजणार नाही तर काय होणार.

बरं हा दाब कधी खाली कधी वर असा येत असेल असं मला वाटायचं. तसं नाहीये. आमचं इंजिन ज्या दिशेने फिरतं (क्रँक वर असताना सिलिंडरपासून लांब जातो) त्या दिशेत पिस्टन ढकलत असताना क्रँक वरच्या अर्ध्यात असतो, रॉड क्रॉसहेडला खाली रेटतो. परत येताना पिस्टन ओढत असतो आणि क्रँक खालच्या अर्ध्यात असतो, तेव्हाही रॉड क्रॉसहेडला खालीच खेचतो. म्हणजे जाताना पण खाली, येताना पण खाली. वरचा बूट आपला नुसता प्रवासी. रेल्वे इंजिनात पुढे जाताना याच्या बरोबर उलटं होतं, दाब वरच्या बारवर येतो, म्हणूनच एकच बार असलेल्या बऱ्याच इंजिनांत तो बार क्रॉसहेडच्या डोक्यावर असतो. हे कळल्यावर मी रेल्वे इंजिनांचे जुने फोटो परत काढून बघितले होते, आधी कधी लक्षच गेलं नव्हतं.

आता झीज भरून काढायची सोय. आमच्या क्रॉसहेडचं अंग आणि बूट यांच्यामधली जागा सपाट नाही, उतार आहे, 16 ला 1. बूट त्या उतारावरून लांबीच्या दिशेने सरकवला की तो बाहेर येतो, म्हणजे पाचरच ती, फक्त घणाने ठोकायच्या ऐवजी स्क्रूने सरकवायची. स्क्रू अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचा), इंचाला 12 आटे, तर एका पूर्ण फेऱ्याला 2.1 मिमी सरकतो आणि 16 ने भागलं की बूट उचलला जातो फक्त 0.13 मिमी. पाना अर्धा फिरवला तर मिमीचे सहा-सात शतांश. एवढं बारीक माप कुठलंही यंत्र न लावता, एका उतारावर आणि एका स्क्रूवर! मला अजूनही याचं कौतुक वाटतं.

तर झालं असं की इंजिन चालू असताना काही आवाज नसायचा पण वाफ बंद केली की शेवटच्या फेऱ्यांना ठक... ठक... असा ठोका यायचा. कारण सोपं आहे, वाफ असताना पिस्टन क्रँकला फिरवतो, वाफ बंद केली की फ्लायव्हील पिस्टनला फिरवतं, जोराची दिशा उलटते, क्रॉसहेड वर उचललं जातं आणि वरच्या बारला जाऊन आपटतं. मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेतला, वरच्या बुटावर घातला, 0.4 मिमीची पट्टी आरामात गेली. खाली काहीच जात नव्हती. म्हटलं झालं निदान. वरच्या बुटाचा चेकनट (स्क्रू जागेवर पक्का धरणारा नट) सोडला, स्क्रूला तीन फेरे दिले (गणित आधीच करून ठेवलं होतं ना, हुशारी!), फट जवळजवळ गायब, चेकनट आवळला, इंजिन चालवलं, ठोका बंद. मी खूश. काका तिथेच होते, बघत होते, काही बोलले नाहीत.

दोन-तीन वेळा चालवल्यावर ग्लँडमधून (पिस्टन रॉड सिलिंडरमधून बाहेर येतो तिथे वाफ अडवायला पॅकिंग भरलेलं असतं ती जागा) वाफ यायला लागली. आधी पण थोडी यायची पण आता चांगलीच. मी पॅकिंग आवळलं. थोडं थांबली, परत सुरू. अजून आवळलं तर रॉड तापायला लागला आणि त्याच्या खालच्या अंगाला एक चकचकीत पट्टा दिसायला लागला. मग काकांकडे गेलो.

काका म्हणाले, "फट कुठे होती?"

"वर."

"आणि झिजलं कुठे?"

मी गप्प. कारण उत्तर तर मला पाठ होतं, वरचे दोन परिच्छेद मी कुणालाही झोपेत सांगितले असते. दाब कायम खाली, म्हणजे झीज कायम खाली. खालचा बूट झिजला, अख्खं क्रॉसहेड 0.4 मिमी खाली बसलं, म्हणून फट वर दिसली. आणि मी काय केलं, तर खाली बसलेल्या क्रॉसहेडला वरून पाचर मारून तिथेच पक्कं केलं. पिस्टन रॉडचं एक टोक आधीच खाली वाकत होतं, रॉड ग्लँडच्या बुशवर खालून घासत होता, पॅकिंग खालून चेपलं आणि वरून उघडं पडलं. ठोका गेला म्हणजे मी फक्त तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद केलं होतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत काका?"

"पॅकिंग स्वस्त आहे," एवढंच म्हणाले.

मग उलट केलं. वरचा बूट पूर्ण ढिला, खालचा थोडा थोडा उचलायचा, रॉडवर डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं माप) लावून रॉड हळूहळू पुढेमागे करायचा आणि बघायचं की सुई हलते का. सुई जवळपास स्थिर झाली म्हणजे रॉड सिलिंडरच्या रेषेत आला. त्याच्यानंतर वरचा बूट, तोही फट अगदी शून्य नाही करायची, तेलाला जागा हवी. घट्ट केला की बूट तापतो, बुटाच्या तोंडाला व्हाइट मेटल, म्हणजे मऊ बेअरिंग धातू, असतं आणि कथिलाचं व्हाइट मेटल साधारण 240 अंशाला वितळायला लागतं, ते पुसलं गेलं की सगळं नव्याने ओतायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. मी ही सगळी ॲडजस्टमेंट केली क्रॉसहेड स्ट्रोकच्या मधोमध ठेवून, कारण तिथे पाना नीट लागतो. मग फ्लायव्हील हाताने फिरवायला गेलो तर टोकाला जाऊन गच्च! हलेचना. काकांनी एक सरळपट्टी आणली, खालच्या बारवर उभी धरली आणि मागून टॉर्च लावला. मधे उजेडाची बारीक फाक दिसत होती, टोकांना काही नाही. मोजलं तर मध्यावर बार 0.15 मिमी खोल गेलेला. अर्थात, बाजूचा दाब मध्यावर सगळ्यात जास्त आणि टोकांना जवळजवळ शून्य, मग बार मधेच जास्त झिजणार. बूट मऊ, बार कडक, तरी बार का झिजला तर मऊ धातूत धुळीचे कण रुतून बसतात आणि मग तो बूट म्हणजे चालता फिरता पॉलिश पेपर होतो. आयझॅक बॅबिटने 1839 मधे तो मऊ धातू आणला त्यामागे विचार हाच की झिजायचंच असेल तर बदलता येणारा भाग झिजू दे, पण तेलात कचरा असला की हिशोब उलटा पडतो.

म्हणजे पाचर फक्त जाडी भरून देते, आकार नाही. बार वाकडा झिजला असेल तर कुठल्याही स्क्रूने तो सरळ होत नाही. जेम्स वॉटने 1784 मधे पॅरलल मोशनचे दांडे जोडून रॉड सरळ ठेवला आणि सरकणारा गाईडच टाळला, ते आता मला जास्त पटतं, त्या काळी लांब सपाट पृष्ठभाग करायचा म्हणजे छिन्नी आणि कानस. रिचर्ड रॉबर्ट्सचं प्लेनिंग मशीन (धातू सपाट तासणारं) 1817 चं, असली मशीनं कारखान्यात आली तेव्हा कुठे सरळ बार स्वस्तात मिळायला लागले.

कनेक्टिंग रॉडच्या टोकांनाही असल्याच पाचरी असतात आणि तिथे वेगळीच गंमत आहे. एका प्रकारात बेअरिंगभोवतीचा पट्टा आत ओढला जातो, म्हणजे दर वेळी आवळलं की रॉड किंचित आखूड होतो. दुसऱ्या प्रकारात पाचर बेअरिंगचा आतला अर्धा भाग बाहेर ढकलते, रॉड लांब होतो. म्हणून एका टोकाला हा आणि दुसऱ्या टोकाला तो असं ठेवायची पद्धत, म्हणजे लांबी जवळपास तेवढीच राहते. नाहीतर वर्षानुवर्षं आवळत राहिलं की पिस्टन सिलिंडरच्या एका बाजूच्या कव्हरच्या जवळ जवळ सरकत जातो आणि एक दिवस धडक. अमेरिकन रेल्वे इंजिनांत ॲक्सलबॉक्सच्या (चाकाच्या आसाचं बेअरिंग असलेल्या पेटीच्या) बाजूला उभी पाचर असायची, ती आवळून वर घ्यायची आणि मग मुद्दाम जराशी खाली सोडायची, कारण बॉक्स गरम झाला की फुगतो. पुढे स्प्रिंगने आपोआप वर सरकणाऱ्या पण आल्या.

पण मला सगळ्यात आवडतो तो सिलिंडरमधे वाफ सोडणारा साधा डी आकाराचा, सपाट बैठकीवर सरकणारा स्लाईड व्हॉल्व. त्याला पाचर नाही, स्क्रू नाही. वाफच त्याला पाठीवरून दाबून धरते आणि व्हॉल्वचा दांडा त्याला नुसता एका चौकटीत सैल पकडतो, तर जसजसा तो झिजतो तसतसा स्वतःच खाली बसत जातो. शिवाय सिलिंडरमधे पाणी अडकलं तर तो जागेवरून उचलला जाऊन पाण्याला वाट देतो. पिस्टनसारख्या गोल पिस्टन व्हॉल्वला हे जमत नाही. अर्थात वाफ एवढी दाबते म्हणून तो हलवायला ताकदही तेवढीच लागते, फुकट काही नाही.

आमचा बार अजून तसाच आहे. उंचवटे दिसावेत म्हणून निळी लावून स्क्रेपरने खरवडायचा आहे, दोन-तीन सुट्ट्यांचं काम. तोपर्यंत काकांनी टोकाला क्रॉसहेड ठेवून तिथे 0.1 मिमीची फट धरली, त्यामुळे मधे ती पाव मिमीच्या आसपास जाते. ग्लँड आता कोरडा आहे. वाफ बंद केली की शेवटच्या फेऱ्यांत एखादा हलका ठोका येतो, आणि मी पाना उचलतोय का हे काका चष्म्याच्या वरून बघत असतात.