एक पिंजरा, दोन साप आणि पंचनामा

साप पकडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. वनविभागाला फोन करून कळवलं, एकाच्या खुराड्यातून अजगर पिशवीत घेतला, त्याच दुपारी शेजारच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, मासोळीच्या जाळ्यात फसलेली धामण जाळं कात्रीनं कापून मोकळी केली. अजगर नऊ फुटांच्या आसपास, धामण त्याहून थोडी कमी. ते काम हातोहात झालं. साप ताब्यात द्यायला कार्यालयात गेलो आणि तिथं घोडं अडलं ते अडलंच.

धान कापणीचे दिवस. राउंड ऑफिसर (वनपाल) जंगलात, त्यांच्या वरचे आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेब जिल्ह्याला मीटिंगला. टेबलावर एकटे बाबू. त्यांनी दोन पिशव्यांकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या जाळीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाका न जी दोन्ही यातच. सापच त आहेत."

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पिंजरा एकच आहे, पंचनामाही एकच होईल. दोन पंचनामे करायचे तर दोनदा पंच आणा, दोनदा सह्या घ्या, वरून साहेब विचारतील की एका दिवशी दोन कसे निघाले. म्हणजे रजिस्टरच्या सोयीसाठी साप एकत्र राहायचे!

मी समजावून सांगितलं. अजगराच्या पोटात कोंबडी आहे, फुगवटा दिसतोय. असा साप घाबरला की पळायला हलकं व्हावं म्हणून गिळलेलं ओकून टाकतो, आणि त्यात त्याचा जीव शिणतो. धामण दिवसा फिरणारी, मुळातच बेचैन. कोंडली की जाळीवर नाक आपटून तोंड रक्ताळून घेते. ती रात्रभर आपटणार, हा खाली दबून ओकणार, किंवा वैतागून तिलाच विळखा घालणार. सापाला सोबत लागत नाही हो, दुसरा साप म्हणजे त्याला नुसती अडचण. शिवाय जंगलातल्या अजगराच्या खवल्यांखाली गोचिडं असतात, त्यांना काय पंचनाम्याची हद्द कळते?

बाबू शांतपणे म्हणाले, "मी काय मुंगूस टाकायला सांगून राहिलो का?"

यावर काय बोलणार.

तेवढ्यात तमाशा पाहायला जमलेल्यांतला एक पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, इथं कायले देता? आमच्या सिमेंटच्या टाक्यात दोन्ही ठेवू, पाळू." त्याला तिथंच झापला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे प्राणी सरकारची मालमत्ता आहेत, पाळायचा प्रश्नच येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर धामणही अजगराच्या पंगतीला, अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत, बसली आहे. सजा तीन ते सात वर्षं. "मग शहरातले लोक पाळतात ते?" ते विदेशी साप, बॉल पायथन, बोआ वगैरे, आणि त्यांचीही आता केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पण त्यातले जाणकारही बोआ आणि अजगर एका पेटीत ठेवत नाहीत. बोआच्या अंगात एक विषाणू काही लक्षण न दाखवता राहू शकतो, आणि तोच अजगराला लागला तर त्याचा मेंदू बिघडवून लवकर मारतो. पोरगा गेला. मोबाइलवर फोटो मात्र काढून गेला.

इकडे अंधार पडला. मला घाई होती ती माझ्यासाठी नाही. अजगराचं पचन अंगाच्या उबेवर चालतं. थंडीत ते मंदावतं, आणि फार वेळ थंडीत राहिला तर कोंबडी पोटातच सडायची भीती. त्याला सकाळी उन्हात पसरता आलं पाहिजे, सरकारी फरशीवर नाही. शेवटी १९२६ ला फोन लावला. हा वनविभागाचा हेल्पलाइन नंबर, मोबाइलमध्ये टाकून ठेवा. तक्रार म्हणून नका बोलू, "साप ताब्यात द्यायला आलोय, घ्यायला कोणी नाही" एवढंच सांगा. हे वाक्य चांगलं चालतं.

फोनमुळे की जेवणाच्या वेळेमुळे, माहीत नाही, पण राउंड ऑफिसर आले. चिखलाचे बूट काढता काढता त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "एकाच पंचनाम्यात दोन ओळी लिहा ना." झालं! अख्खी संध्याकाळ ज्यावर गेली ते एका वाक्यात सुटलं. अजगर पिंजऱ्यात, धामण पिशवीसकट झाकणाला भोकं पाडलेल्या ड्रममध्ये. ड्रम माझाच होता. तो सोबत नेला होता म्हणून निभावलं, तुम्हीही न्या.

पिशवीचं सांगायचं राहिलं. सुती कापडाची, उशीच्या खोळीसारखी, दुहेरी शिवणीची घ्या आणि उलटी करून वापरा, म्हणजे आतल्या दोऱ्यांत खवले अडकत नाहीत. युरियाच्या गोणीत साप घालून आणणारे पाहिलेत मी. हवा नाही, वरून खताची भुकटी. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी बांधा: कोणता साप, कुठं सापडला, किती वाजता. आणि कायद्यात ४८ तासांच्या आत कळवायची मुभा आहे, ती वापरायला जाऊ नका, लोक तेवढ्यात भलतंच काही तरी सुरू करतात.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर दोन्ही साप आपापल्या भागात सोडले. धामण बांधीच्या (धानाच्या शेताच्या) धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सरसर गेली. अजगराला बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) पलीकडे साळिंदराच्या बिळांजवळ ठेवला, पोटातली कोंबडी जशीच्या तशी. सोडताना पंच हजर होते, फोटोही झाले.

पंचनाम्याची प्रत मागून घ्या, ती आपणहून कोणी देत नाही. मी मागितली आणि मिळाली. पहिल्या ओळीत "अजगर (मोठा)" आहे. दुसऱ्या ओळीत, म्हणजे जिथं धामण हवी होती तिथं, "अजगर (छोटा)".