वीस वॅट पुरतात का?

घरी येणारे बरेच जण माझा जुना ॲम्प्लिफायर पाहतात आणि विचारतात, "चॅनेलमागे, म्हणजे डाव्या-उजव्या प्रत्येक स्पीकरला, फक्त २० वॅट? एवढ्यात भागतं?" भागतं, आणि उरतंही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण या एका आकड्यापायी लोक नाहक जास्त पैसे घालवतात याचं मला वाईट वाटतं.

माझ्याकडे आहे तो नॅड ३०२०. लंडनमध्ये १९७२ साली सुरू झालेल्या नॅड कंपनीने तो १९७८ मध्ये आणला. आराखडा एरिक एडवर्डसन या नॉर्वेच्या अभियंत्याचा. काळपट करडा चेहरा, साधी बटणं, शोभेवर खर्च नाही. पैसा सगळा आत. आउटपुटला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्यात, २एन३०५५ आणि एमजे२९५५ ही ट्रान्झिस्टरची जोडी. लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून सुटे भाग आणून ज्यांनी हौसेने ॲम्प्लिफायर जुळवलेत, त्यांच्या हाताखालून ३०५५ गेलेलाच असतो. अशा रोजच्या भागातून इतका निर्मळ आवाज काढणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता वॅटचं. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे थोडासाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. माझे स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतात. २० वॅटला तेच १०१ होतात. घरातल्या खोलीत याहून जास्त कुणाला हवं? एरवी ऐकताना एखाद-दुसरा वॅटच खर्च होतो. आपल्याकडे खोक्यांवर हजारांत 'पीएमपीओ' नावाचे क्षणिक कमाल वॅट छापायचे, त्यांना कुठल्याच ठरलेल्या मोजणीचा आधार नसे.

खरी परीक्षा क्षणाची असते. तबलजी समेवर थाप देतो तेव्हा क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट ताकद लागते. ३०२० त्या क्षणापुरता छापील आकड्याच्या सुमारे दुप्पट देतो. त्याच्याही पुढे गेलात तर 'सॉफ्ट क्लिपिंग' आहे : आवाजाच्या लाटेचा माथा करवतीने कापल्यासारखा सपाट न होता गोलावतो. कानाला कर्कश लागत नाही, ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, तोही वाचतो.

पण मला तो आवडतो तो यासाठी नाही. भीमसेनजींची तान वर चढते, तेव्हाही मागचे तानपुरे हरवत नाहीत. दोन्ही वेगवेगळे ऐकू येतात. बायाँचा घुमारा भरीव येतो, पसरत नाही. रेकॉर्ड प्लेअर थेट जोडता येतो, त्याचा क्षीण आवाज आधी वाढवणारी वेगळी फोनो पेटी लागत नाही.

इतक्या वयाच्या कुठल्याही यंत्रात कपॅसिटर सुकतात, व्हॉल्यूम फिरवताना करकर होते. जाणत्या कारागिराकडून एकदा तपासून घ्यायची तयारी असेल तरच जुना घ्या. आणि मागे इंग्रजी यू-च्या आकाराच्या धातूच्या कड्या दिसतील, त्या काढू नका. प्रीॲम्प (आवाज कमी-जास्त करणारा पुढचा भाग) आणि पॉवर ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा भाग) त्यांनीच जोडलेले असतात. काढल्या की आवाजच बंद.

नवा घेणार असाल तर दुकानात दोनच गोष्टी विचारा : दोन्ही चॅनेल एकत्र चालताना किती वॅट, आणि ४ ओहमच्या, म्हणजे कमी रोधाच्या, स्पीकरला किती. सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघा. आणि आपली नेहमीची रेकॉर्ड सोबत न्या.