तुम्ही विचारलंत म्हणून: अंडी बंद करू का, आणि वजन किती लवकर उतरवू?

लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, आकड्यापुढे ठळक खूण दिसली, की प्रश्न ठरलेल्या शब्दांत येतो: ‘अंडी आजपासून बंद केली आहेत. आणखी काय सोडू? आणि दोन महिन्यांत दहा-बारा किलो उतरवलं तर आकडा खाली येईल ना?’

उत्तर असं की अंड्यावर जेवढा जीव टांगला आहे तेवढा टांगण्याची गरज नाही. संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, किती पोटात जाते ते मोजा. विरघळणारा तंतू, म्हणजे सोल्युबल फायबर, वाढवा. आणि वजन सावकाश उतरवा, कारण घाईने उतरवलेलं वजन कोलेस्टेरॉलच्याच मार्गाने नवं दुखणं आणू शकतं.

आधी अंडं. एका मोठ्या अंड्यात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि ते सगळं बलकात असतं. १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल आणि आठवड्याला जास्तीत जास्त तीन बलक असा सल्ला दिला. तो जगभर गेला आणि लोकांच्या डोक्यात पक्का बसला. अमेरिकेच्या २०१५–२०२० सालच्या आहार-मार्गदर्शिकेत ३०० मिलिग्रॅमची ही मर्यादा ठेवलेली नाही. कोलेस्टेरॉल कितीही खा, असा मात्र त्याचा अर्थ कुणी काढू नये.

आतड्यात रोज जे कोलेस्टेरॉल येतं, त्यातलं जेवणातून येणारं दोन-तीनशे मिलिग्रॅम असतं. त्याच्या तिप्पट-चौपट कोलेस्टेरॉल यकृताने सोडलेल्या पित्तातून येतं. या एकूण साठ्यातलं निम्म्याच्या आसपास शरीर शोषून घेतं. जेवणातून जास्त आलं तर यकृत स्वतःचं उत्पादन थोडं आवरतं. त्यामुळे रोज एक अंडं वाढवल्यावर एलडीएल सरासरीने चारेक मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वाढतो. ज्याचा एलडीएल १६० आहे त्याला १२०वर यायचं असेल, तर फक्त बलक फेकून ते होणार नाही. अर्थात काहींचं आतडं कोलेस्टेरॉल जास्त ओढून घेतं आणि त्यांच्यात ही वाढ बरीच मोठी असते. म्हणून माझा सल्ला असा: एलडीएल नॉर्मल आणि मधुमेह नाही, तर रोज एक अंडं खुशाल खा. एलडीएल चढलेला असेल किंवा मधुमेह असेल, तर आठवड्याला तीन-चार बलक पुरे, पांढरं हवं तेवढं खा. अंडं लोण्यात परतायचं की पाण्यात उकडायचं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे.

तेलाच्या डब्यावरच्या ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला भुलू नका. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असतं. वनस्पतीतून काढलेल्या कुठल्याही तेलात ते मोजण्याइतकं नसतंच. खोबरेल तेलही कोलेस्टेरॉलमुक्त असतं, पण त्याच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ११ ते १२ ग्रॅम संपृक्त चरबी असते, आणि खरा हिशेब तिचा आहे.

रक्तातला एलडीएल उचलून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे रेणू, असतात. त्यांच्या शोधाबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. संपृक्त चरबी जास्त खाल्ली की या रिसेप्टरचं काम मंदावतं, एलडीएल रक्तातच फिरत राहतो आणि रिपोर्टमधला आकडा चढतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराच्या उष्मांकांपैकी, म्हणजे कॅलरींपैकी, संपृक्त चरबीतून १० टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत. एलडीएल उतरवायचा असेल तर अमेरिकन हार्ट असोसिएशन ५ ते ६ टक्के म्हणते. दिवसाला १८०० कॅलरी खाणाऱ्यासाठी १० टक्के म्हणजे २० ग्रॅम, ६ टक्के म्हणजे १२ ग्रॅम. आता या १२ ग्रॅमशी ताडून पाहा: एक मोठा चमचा लोणी, ७ ग्रॅम. पेलाभर (२५० मिलिलिटर) साय न काढलेलं दूध, साडेचार ग्रॅम. चीजचा २८ ग्रॅमचा तुकडा, पाच ते सहा ग्रॅम. एक मोठा चमचा पाम तेल, सात ग्रॅमच्या जवळपास. तेवढंच सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल, दीड ते दोन ग्रॅम. अख्ख्या अंड्यात फक्त दीड ग्रॅमच्या आसपास. अंडं बंद करून न्याहारीला लोणी लावलेले चीजचे तुकडे खाणाऱ्याचा एलडीएल का उतरत नाही, ते यावरून कळेल.

बिस्किटं, पेस्ट्री, तळलेल्या पदार्थांची पाकिटं यांत पाम तेल सर्रास असतं. घटकांच्या यादीत पहिल्या तीन-चार नावांत ते दिसलं तर पाकीट परत ठेवा. ‘अंशतः हायड्रोजनीकृत’ हे शब्द दिसले तर विचारही न करता ठेवा. ती ट्रान्स फॅट असते, एलडीएल वाढवते आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, कमी करते.

इथे एक चूक फार लोक करतात. चरबी काढतात आणि तिच्या जागी मैदा आणि साखर भरतात. ‘लो-फॅट’ बिस्किटं, गोड दही, फळांचे रस. एलडीएल थोडा उतरतो, पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढतं, एचडीएल घसरतो आणि हृदयाच्या दृष्टीने पदरात काही पडत नाही. लोण्याच्या जागी सोयाबीन, सूर्यफूल किंवा मोहरीचं तेल, अक्रोड-बदाम, मासे असं काही आलं तर फायदा होतो. काय काढलं यापेक्षा त्या जागी काय आलं, ते बघा.

चांगलं तेलही मोजूनच. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, १२० कॅलरी असतात, मग तेल कुठलंही असो. बाटली तिरपी करून धार सोडली की किती पडलं ते डोळ्यांना कळत नाही. सकाळी तेलाची बाटली स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, आकडा लिहा. आठवडाभराने पुन्हा ठेवा. फरकाला जेवणाऱ्या माणसांच्या संख्येने भागा आणि मग सातने. माणशी रोज ४० ग्रॅम निघाले, तर फक्त तेलातून ३६० कॅलरी झाल्या. ते वीसवर आणायचं असेल तर रोज सकाळी दिवसभराचं तेल मोजून एका वाटीत काढून ठेवा आणि वाटी संपली की हात थांबवा. पहिले काही दिवस भाजी तळाला लागते, कारण तेल कमी आणि आच पूर्वीचीच. आच मंद करा, झाकण ठेवा, दोन-तीन चमचे पाण्याचा हबका मारा.

आता तंतू. पचनासाठी लागणारं पित्ताम्ल यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं आणि वापरून झालेल्या पित्ताम्लातलं ९५ टक्के आतड्यातून परत शोषून घेतं. विरघळणारा तंतू आतड्यात चिकट लगदा करतो आणि त्यात हे पित्ताम्ल अडकून शौचावाटे निघून जातं. मग नवं पित्ताम्ल बनवायला यकृताला रक्तातून एलडीएल उचलावा लागतो. ओट आणि जवातला असा तंतू, बीटा-ग्लुकन, रोज ३ ग्रॅम मिळाला तर एलडीएल सुमारे ५ टक्के उतरतो. त्यासाठी साधारण ७५ ग्रॅम कोरडे ओट लागतात. एका वेळी एवढे जात नाहीत, म्हणून सकाळी ४० ग्रॅम शिजवून खा, उरलेले ३५ ग्रॅम दळून सूपमध्ये किंवा पिठात घाला. शिजताना ओट चमच्याला चिकटू लागले, तार सुटली, की समजा बीटा-ग्लुकन सुटला. रात्री भिजवले असतील तर ते पाणी फेकू नका, तंतू त्यात उतरलेला असतो. राजमा, हरभरे यांचं उलट: त्यांचं भिजवलेलं पाणी टाकून द्या, पोट कमी फुगतं.

इसबगोलही चालतं. एक चहाचा चमचा, पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या. उशीर केला तर पेल्यातच घट्ट होतं. कोरडं कधीही तोंडात टाकू नका, घशात अडकतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. आठवड्याने दुसरा चमचा वाढवा. तंतू एकदम वाढवला की गॅस होतो, पोट ताठरतं आणि माणूस चौथ्या दिवशी सगळंच सोडून देतो. दर आठवड्याला पाच ग्रॅमने वाढवला आणि पाणीही वाढवलं तर सहसा निभावतं.

कॉफी पीत असाल तर एक गोष्ट तपासा. उकळलेल्या कॉफीत आणि फक्त धातूच्या जाळीतून गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचं तेलकट द्रव्य उतरतं आणि ते एलडीएल वाढवतं. कागदी फिल्टर ते अडवतो. दिवसाला चार-पाच कप होत असतील तर हा बदल नक्की करा.

वजनाचा हिशेब लोक असा करतात: एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी, रोज ५०० कमी खाल्ल्या की आठवड्याला साधारण अर्धा किलो, म्हणजे वर्षाला तेवीस किलो. पहिले काही आठवडे हे जुळतं, पुढे जुळत नाही. शरीर हलकं झालं की त्याची गरजही घटते. केव्हिन हॉल या अमेरिकन संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेला ठोकताळा मला जास्त प्रामाणिक वाटतो: रोज २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर शेवटी एक किलो उतरतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, आणि जवळपास सगळं उतरायला तीन वर्षं. म्हणजे दहा किलोसाठी रोज २४० कॅलरी, अगदी तेलाचे दोन मोठे चमचे. पण कायमचे. लवकर निकाल हवा असेल तर सुरुवातीला रोजची तूट ५००पर्यंत न्या, त्यापुढे नको. सहा महिन्यांत वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ४ ते ८ किलो, हे उत्तम यश आहे. तेवढ्याने ट्रायग्लिसराइड छान उतरतं, एलडीएल त्या मानाने कमी.

पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून हुरळू नका. ती बहुतांशी चरबी नसते. शरीरात चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, असतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. खाणं घटलं की ते दोन्ही जातं आणि पुन्हा भरपेट जेवू लागलं की परत येतं. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. आदल्या रात्री खारट खाल्लं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, तरी काटा एक-दोन किलो हलतो.

आता घाईचा धोका. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरू लागलं की चरबीच्या पेशींत साठलेलं कोलेस्टेरॉल बाहेर पडतं आणि यकृत ते पित्तात सोडतं. पित्त कोलेस्टेरॉलने गच्च होतं. त्यात जेवणात चरबीच नसेल तर पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त तिथेच साचून राहतं आणि खडे धरतात. कोलेस्टेरॉल उतरवायला निघालेला माणूस उजव्या बरगडीखाली कळ घेऊन रुग्णालयात पोचतो, ते असं. म्हणून तेल शून्यावर आणू नका. निदान एका जेवणात १० ग्रॅम चरबी असू द्या. दुसरी हानी स्नायूंची. वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्या, तीन जेवणांत वाटून, आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलण्याचा व्यायाम करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डोस बदलून घ्या, नाहीतर साखर धोकादायक खाली जाईल.

पुन्हा तपासणी कधी? खाण्यातल्या बदलाचा एलडीएलवरचा परिणाम चार ते सहा आठवड्यांत दिसतो. मी तीन महिने थांबा म्हणेन, कारण तोवर सवय टिकली की नाही हेही कळतं. वजन झपाट्याने उतरत असताना तपासू नका. बाहेर पडणाऱ्या साठ्यामुळे कोलेस्टेरॉल काही काळ वाढलेलं दिसू शकतं आणि एचडीएल घटलेला. वजन महिनाभर स्थिर झालं की रक्त द्या. शक्यतो त्याच लॅबमध्ये, ताप-सर्दीतून उठल्यावर लगेच नको. १३८चे १३१ झाले किंवा १४४ झाले, तर त्याला काही अर्थ नाही. तेवढा फरक आज आणि परवाच्या रक्तातही पडतो. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल तर थेट न मोजता इतर आकड्यांच्या वजाबाकीने काढलेला एलडीएल विश्वासाचा नसतो, तेव्हा एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा पाहा.

एलडीएल पहिल्यापासूनच १९०च्या वर असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर तीन महिने ओट खात वाट बघू नका. हा दोष आनुवंशिक असू शकतो आणि तो एकट्या आहाराने आटोक्यात येत नाही. औषध लागतं. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या, कारण थायरॉइड मंदावलं की एलडीएल चढतो आणि ताटात कितीही बदल केले तरी हलत नाही. आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, चालू असेल, तर रिपोर्ट चांगला आला म्हणून ते स्वतःहून बंद करू नका. तो चांगला आकडा बहुतेक वेळा त्या गोळीमुळेच आलेला असतो.